आधी कागद, मग कुदळ

सडक कुदळीने बांधली जाते असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः कुदळ जमिनीस लागण्यापूर्वी कित्येक महिने ती कागदावर बांधून झालेली असते. कोणते गाव तिच्या काठी येईल व कोणते बाजूस पडेल, कोणाचे शेत दुभागेल, कोणत्या ओढ्याचे पाणी कोठे अडेल, हे सर्व प्रश्न मोजणीच्या व प्राथमिक आराखड्याच्या वेळीच निकालात निघतात. आपले लोक मात्र शेतात खुंट्या रोवल्या गेल्यावर जागे होतात. नांदेड व लातूर जिल्ह्यांत सडकांविषयी जो असंतोष वेळोवेळी प्रकट होतो, त्याचे एक मोठे मूळ या उशिराच्या जागृतीत व ती उशिरा व्हावी अशाच बेताने चालणाऱ्या कारभारात आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तुळजापूर, औसा, लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, अर्धापूर असा जाऊन पुढे यवतमाळ-वर्ध्याकडे निघणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ हा या भागाचा कणा होय. त्याशिवाय नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाची योजना पुढे आली. मूळ आखणीप्रमाणे तो सुमारे ८०२ किलोमीटर लांबीचा असून नांदेड व लातूर धरून १२ जिल्ह्यांतून जावयाचा होता. २०२५ च्या जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यास मान्यता दिली. त्यास विरोध करणारे शेतकरी विचारतात की, नागपूर-रत्नागिरी महामार्ग असता दुसरा कशास? अर्धापूरकडील केळीच्या बागायतीतून रेषा ओढली गेली म्हणजे हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. पुरस्कर्ते म्हणतात की, मराठवाड्याचे मागासलेपण वेगवान दळणवळणावाचून जाणार नाही. दोन्ही पक्ष आवेशाने बोलतात. परंतु ज्यावर निकाल लागावा ते आकडे सामान्य माणसाच्या हाती कोठे आहेत? जुन्या सडकेवर रोज किती गाड्या धावतात, त्यांतील किती गोव्याच्या बाजूस जाणाऱ्या, वीस वर्षांनी किती होतील, हे मराठीत छापून तालुक्याच्या गावी टांगले असते, तर अर्धा वाद तेथेच मिटला असता.

सडकांचा विचार योजनेने करावा ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९२७ साली नेमलेल्या सडक-समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे होते. तिच्या शिफारशींतून १९२९ मध्ये पेट्रोलवरील जादा कराचा सडक-निधी उभा राहिला व १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. १९४३ साली मुख्य इंजिनिअरांची परिषद भरली ती नागपुरास. सडकांची राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्राम अशी वर्गवारी तेथे ठरली. थोर सडक आणि खेड्याची वाट ही एकाच जाळ्याची सूत्रे आहेत, हे त्या योजनेचे मर्म होते. आज ते मर्म आपण विसरत चाललो आहो.

आता आराखड्यात काय असावे लागते ते पाहू. पहिली गोष्ट गाड्यांची मोजदाद. ती सलग सात दिवस रात्रंदिवस व्हावी, आणि केवळ गाड्या मोजून न थांबता त्यांच्या आसांवरील वजनही तोलावे. आसावरील भार दुप्पट झाला की सडकेची झीज दुप्पट नव्हे, सुमारे सोळापट होते, असे १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत झालेल्या मोठ्या प्रयोगापासून मानले जाते. ज्या बाजारपेठेतून सोयाबीन, तूर व हळद भरलेल्या मालमोटारी निघतात, तेथील सडक मोटारींच्या नुसत्या संख्येवर आखणे म्हणजे खांद्यावरील ओझे न पाहता हमालाचे डोके मोजणे होय.

दुसरी गोष्ट जमीन. आपली काळी माती कापसास माउली, पण सडकेस वैरीण आहे. पावसात ती फुगते व उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. वर कितीही उत्तम डांबर पसरले, तरी खालचा पाया असा श्वास घेऊ लागला म्हणजे सडक लाटांसारखी होते. म्हणून मातीचा नमुना चार दिवस पाण्यात भिजवून त्याचे बळ पाहण्याची रीत आहे. मातीत चुना मिसळणे, किंवा मुंबईच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक कट्टी यांनी दाखविल्याप्रमाणे न फुगणाऱ्या चिकण मुरमाचा थर मध्ये घालणे, हे उपायही ठाऊक आहेत. उपाय आहेत, परंतु ते आराखड्यात व अंदाजपत्रकात आधी धरले नाहीत, तर ठेकेदार ते पदरचे पैसे घालून करील ही आशा व्यर्थ होय.

तिसरी गोष्ट पाणी. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरातील अतिवृष्टीने या जिल्ह्यांस जो धडा दिला, तो अद्याप ताजा आहे. उंच भरावाची सडक ही मोऱ्या अपुऱ्या असल्या तर सडक राहत नाही, बांध होते. वरच्या अंगाची शेते तुंबतात व खालच्या अंगास एकाच तोंडातून सुटलेले पाणी माती खरडून नेते. मोरी कोठे हवी हे नकाशावरून जितके कळते, त्याहून अधिक त्या शिवारातील म्हाताऱ्या शेतकऱ्यास ठाऊक असते. पण त्यास विचारतो कोण?

व्यापारी बंधूंसही येथे दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. लातूरच्या गंजगोलाईस १६ रस्ते येऊन मिळतात. ती पेठ योजनापूर्वक आखलेली आहे, म्हणूनच शतकभर टिकली. बाह्यवळणाची गोष्ट निघाली की पेठ ओस पडेल अशी हाकाटी होते. परंतु जी मालमोटार येथे थांबावयाचीच नाही, ती पेठेतून गेल्याने धूळ व अपघात यांखेरीज काय देते? कोणता माल येथे उतरतो व कोणता नुसता जातो, ही माहिती अडत्यांच्या वह्यांत आहे. ती मोजणीदारापुढे ठेवण्याऐवजी आपल्या दुकानावरून सडक जावी म्हणून वशिला लावणे हे व्यापारी वर्गास शोभत नाही.

राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्यात भूसंपादनाच्या अधिसूचनेनंतर हरकतीस २१ दिवस मिळतात. पण त्या वेळी रेषा ठरून गेलेली असते. उरतो तो मोबदल्याचा घासाघीस. म्हणून आमची मागणी अशी की, अधिसूचनेपूर्वीच किमान दोन-तीन पर्यायी रेषा, त्यांचा खर्च, लागणारी बागायत व जिरायत जमीन, मोजदादीचे आकडे आणि मोऱ्यांच्या जागा यांसह मराठी नकाशे तालुक्याच्या ठिकाणी महिनाभर उघडे ठेवावेत; जाहीर सभा घ्यावी; आणि प्रत्येक सूचना का स्वीकारली वा का नाकारली याचे लेखी उत्तर द्यावे. यास महिने लागतील खरे. परंतु पुढे कोर्टकचेऱ्यांत व आंदोलनांत जी वर्षे जातात, त्यांपुढे हे महिने काहीच नव्हेत.

भूमिपूजनाच्या नारळास गर्दी करणाऱ्या लोकांनी नकाशा पाहण्यास तेवढीच गर्दी केली, तर सडकही चांगली होईल व राज्यकारभारही. सरकारने दार उघडावे; उघडत नसेल तर ते ठोठावण्याचे काम नगरपालिका, बाजार समित्या आणि सुशिक्षित नागरिक यांचे आहे.