घरचा संगणक, परकी किल्ली

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत बारा तासांची पाळी करून परतणाऱ्या कामगाराच्या खोलीत संगणक दिसू लागला, याचे कौतुक पुष्कळ होते. तो तेथे कसा आला, हे फारसे कोणी विचारीत नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, शिक्षण पडद्यावर गेले, आणि बोईसर-पालघर पट्ट्यातील कित्येक कुटुंबांनी मुंबईच्या कचेऱ्यांनी मोडीत काढलेली यंत्रे हप्त्याने वा उसनवारीने घेतली. असे यंत्र कोणा एकाचे नसते. त्यावर मुलगी सीईटीचा अर्ज भरते, मुलगा शिष्यवृत्तीची कागदपत्रे महाडीबीटीवर चढवितो, ठेकेदाराने भविष्यनिर्वाह निधीचा हप्ता भरला की नाही हे वडील पाहतात, आणि सप्टेंबर २०२५ पासून लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी आईलाही त्याच्यापुढे बसावे लागले.

पाच माणसांत एक यंत्र असले म्हणजे 'अपडेट' ही घरातल्या तंट्याची बाब होते. विंडोज १० च्या घरगुती आवृत्तीत अपडेट कायमचे नाकारण्याची सोयच ठेवलेली नव्हती. २०१९ पासून ते फार तर ३५ दिवस पुढे ढकलता येऊ लागले. पण एकाने ढकललेले दुसऱ्याच्या पाळीला येऊन आदळते. ऐवज काही गिगाबाइटचा, आणि इंटरनेट मोबाइलवरून, रोजच्या दीड-दोन गिगाबाइटच्या मापाने मिळणारे. मध्येच वीज गेली तर यंत्र पूर्वपदावर येईपर्यंत तासभर जातो, आणि अर्जाची मुदत नेमकी त्या रात्री बाराला संपत असते. मोबाइलवरून घेतलेली जोडणी यंत्रात 'मीटर्ड' म्हणून नोंदविली तर बरीचशी अपडेट आपोआप उतरत नाहीत. परंतु जुने यंत्र विकणारा हे सांगत बसत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी हा प्रश्न उलटा झाला. नको असताना येणारे अपडेट आता हवे असताना येईनासे झाले. मायक्रोसॉफ्टने त्या दिवशी विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती थांबविली. विंडोज ११ घ्यावे, तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि सर्वसाधारणपणे २०१७ च्या अखेरीनंतरच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. मोडीतून आलेली बहुतेक यंत्रे या चाळणीत अडकतात. एक वर्षाची मुदतवाढ देऊ केली गेली, तीही ३० डॉलर मोजून, किंवा कंपनीच्या खात्यात आपली मांडणी जमा करण्यासारख्या अटी मान्य करून. युरोपातील ग्राहकसंघटनांनी आवाज उठविला तेव्हा अटी सैल झाल्या, पण त्या युरोपीय आर्थिक क्षेत्रापुरत्याच.

'दुरुस्ती नाही तर नाही, यंत्र चालते ना?' असे म्हणणे धोक्याचे आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या उपद्रवी आज्ञावलीने सुमारे दीडशे देशांतील यंत्रे बंद पाडली. ती ज्या छिद्रातून शिरली त्यावरची दुरुस्ती दोन महिने आधी निघालेली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती, वा ज्यांच्या जुन्या प्रणालीला ती मिळालीच नव्हती, ते सापडले. बोईसरच्या खोलीतल्या यंत्रावर बँकेचे खातेही उघडले जाते, हे विसरता येत नाही.

अर्थशास्त्रात घसारा म्हणतात तो यंत्राच्या झिजेचा. नवे, स्वस्त यंत्र निघाल्याने जुने कालबाह्य होते, तेही समजू शकते. येथे यंत्र झिजलेले नाही, आणि त्या कुटुंबाचे कामही बदललेले नाही. एका जाहीर तारखेने त्याचे मूल्य घसरले आहे, आणि तो तोटा वसाहतीतल्या ठेका कामगाराच्या मिळकतीतून भरला जाणार आहे. दहा वर्षे सेवा दिली, आणखी किती द्यावी, हा कंपनीचा युक्तिवाद सर्वस्वी खोटा नाही. तथापि ज्याला सांभाळायचे नाही त्याने मूळ आज्ञावली, म्हणजेच किल्ली, सांभाळू इच्छिणाऱ्याच्या हाती द्यावी. विकलेल्या घराची किल्ली खिशात ठेवून दुरुस्ती बंद करण्याचा अधिकार कोणत्या न्यायाने येतो?

तारापूरला हा धडा नवा नाही. तेथील अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या बनावटीच्या. १९६९ साली त्या सुरू झाल्या. समृद्ध युरेनियम १९६३ च्या करारानुसार अमेरिकेकडूनच यावयाचे होते. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर कुरबूर वाढली, १९७८ च्या अमेरिकी कायद्याने पुरवठ्याची वाट अडली, आणि १९८२ साली फ्रान्सकडे वळावे लागले. भट्ट्या पालघरच्या किनाऱ्यावर होत्या, इंधनाचा निर्णय वॉशिंग्टनमध्ये होत होता. जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांचे निमित्त होऊन नायरा एनर्जी या भारतातील तेलशुद्धीकरण कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट सेवा तडकाफडकी थांबल्या, तेव्हा तिला दिल्ली उच्च न्यायालय गाठावे लागले. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. कामगाराच्या कुटुंबाला असे न्यायालय परवडणारे नाही.

यावर उपाय नाही असे सांगणाऱ्यांना १९७८ ची आठवण द्यावी. परकीय चलन नियमन कायद्यानुसार भांडवलातील हिस्सा कमी करण्यास आयबीएमने नकार दिला, जनता सरकारचे उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस नमले नाहीत, आणि कंपनी देश सोडून गेली. तिची यंत्रे मात्र भंगारात गेली नाहीत. १९७५ साली स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीच्या अभियंत्यांनी ती चालती ठेवली. पुढे २००१ साली याच कंपनीचे नियंत्रण टाटांना विकण्यात आले. आपण काय विकले, याची चर्चा तेव्हा झाली त्याहून अधिक व्हावयास हवी होती.

महाराष्ट्र शासनाचा वाटाही येथे लहान नाही. एमएस-सीआयटी या शासनमान्य अभ्यासक्रमात लक्षावधी तरुणांनी शुल्क भरून मुख्यतः एकाच कंपनीच्या प्रणालीचा सराव केला, आणि सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र मागितले गेले. केरळच्या सरकारी शाळांत सुमारे वीस वर्षे मुक्त प्रणाली चालते आहे. तिची आज्ञावली खुली असल्याने दुरुस्ती कोणा एकाच्या मर्जीवर राहत नाही. आपल्याकडे अडचण जुन्या मराठी फाँटची आहे: युनिकोडपूर्व काळात टंकलेला मजकूर दुसऱ्या प्रणालीत उघडला की अक्षरांऐवजी खुणा दिसतात. कचेऱ्यांची दप्तरे त्यात अडकली आहेत, आणि चळवळीतल्या संघटनांची पत्रकेही.

तेव्हा दोन मागण्या तातडीच्या ठरतात. शासनाच्या कोणत्याही योजनेचा अर्ज मुक्त प्रणालीवरून भरता आला पाहिजे. आणि एमएस-सीआयटीत ती प्रणाली शिकविली गेली पाहिजे. दरम्यान बोईसर, पालघर, डहाणू येथे युनियनच्या कचेरीत रविवारी एखादे जाणते मूल आणि दोन पेनड्राइव्ह एवढ्यावर काम सुरू होऊ शकते. पेनड्राइव्हवरून ही प्रणाली आधी चालवून पाहता येते, यंत्रातले काही पुसले जात नाही. कायमची बसविण्यापूर्वी मात्र मुलांचे दाखले, गुणपत्रिका आणि घरातले फोटो दुसरीकडे उतरवून घ्यावेत.