पायीं चालणारांचा रस्ता

आमच्या आळींत राहणाऱ्या एक वृद्ध बाई रोज सकाळीं दूध आणावयास चौकापर्यंत चालत जात असत. गेल्या पावसाळ्यापासून त्यांनीं हा क्रम सोडला आहे. पाय धड आहेत, दृष्टि धड आहे. परंतु घरापासून चौकापर्यंतच्या दोनशें पावलांत त्यांस प्रथम तीन दुचाक्या आडव्या लागत, मग एका दुकानाची पुढें आलेली पायरी, मग विजेची लोखंडी पेटी, तिला टेकून कोणा भावी पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक, आणि शेवटीं फरशी उखडून झालेला खड्डा. त्या खड्ड्यांत कोणा सज्जनानें झाडाची फांदी खोंचून ठेविली होती, एवढाच काय तो बंदोबस्त. प्रत्येक अडथळ्यापाशीं पदपथावरून खालीं उतरावें, मागून येणाऱ्या बसचा कर्णा ऐकावा व पुन्हां वर चढावें, हें त्यांच्यानें होईना. आतां दूध घरपोंच येतें आणि बाई खिडकींत बसतात. 'माझ्यावांचून चौकाचें कांहीं अडत नाहीं,' असें त्या आम्हांस म्हणाल्या. चौकाचें अडत नसेल. आम्हांस मात्र तें वाक्य सोडवेना, आणि म्हणून हा लेख.

हा प्रकार कांहीं गुप्त नाहीं. पुण्यांत त्यावर बोलणारांचा तोटा कधींच नव्हता. अमृततुल्याच्या बांकावर, पर्वतीच्या पायऱ्यांवर, सोसायटीच्या वार्षिक सभेंत आणि अलीकडे भ्रमणध्वनीवरील गटांत रस्त्यांची चर्चा अखंड चालू असते. सकाळीं कोणी खड्ड्याचें छायाचित्र धाडतो. नऊ वाजेपर्यंत चाळीस जण त्यावर आपला संताप प्रकट करितात. सिंगापुरास जाऊन आलेले एखादे गृहस्थ तेथील रस्त्यांचें वर्णन करितात. सायंकाळीं क्रिकेटचा विषय निघतो व खड्डा जेथल्या तेथें राहतो. आम्हां वकिलांच्या धंद्यांत कुरकूर आणि तक्रार या दोन गोष्टींत फार अंतर मानितात. ज्याच्यावर कर्तव्याचा भार आहे त्याच्यापुढें, स्थळ, दिवस व मागणी लिहून आणि पोंच घेऊन, जी मांडिली ती तक्रार. बाकी सर्व संभाषण. संभाषणास आमची हरकत नाहीं, तें पुणेकरांच्या प्रकृतीस मानवतें. परंतु त्यानें आजवर एकही फरशी बसल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

कायदा कोणाच्या बाजूस आहे म्हणाल, तर तो पायीं चालणाराच्या बाजूस पूर्वींपासून आहे. १५ फेब्रुवारी १९५० रोजीं पुण्याची महानगरपालिका ज्या १९४९ च्या अधिनियमाखालीं अस्तित्वांत आली, त्याच्या ६३ व्या कलमांत पालिकेचीं आवश्यक कर्तव्यें सांगितलीं आहेत. रस्त्यांची दुरुस्ती व रस्त्यांवरील अडथळे दूर करणें हीं त्यांतच येतात. म्हणजे हें काम पालिकेच्या मर्जीचें नव्हे, तें करणें तिला भाग आहे. २०१६ सालीं पालिकेनें पादचाऱ्यांविषयीं स्वतंत्र धोरणही स्वीकारलें. मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें असें स्पष्ट सांगितलें कीं, अडथळ्यावांचून पदपथ वापरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदांतील जीविताच्या हक्काचाच भाग होय. त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत मुंबई उच्च न्यायालयानें, खड्ड्यांमुळें मृत्यु आल्यास वारसांस ६ लक्ष रुपये भरपाई द्यावी, असें ठरविलें. इतकें सर्व कागदावर असतां त्या बाई खिडकींत बसून आहेत.

पालिका अगदींच निजलेली आहे असें मात्र म्हणतां येणार नाहीं. २०२१ पासून ११ डिसेंबर हा दिवस तिनें पादचारी दिन म्हणून साजरा करण्यास आरंभ केला. त्या दिवशीं लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा तुकडा वाहनांस बंद करून माणसांस मोकळा करितात. आम्हीं स्वतः त्या रस्त्याच्या मधोमध चाललों आहों, आणि तें सुख खरोखर मोठें होतें हें कबूल करितों. परंतु आमच्याकडे बैलांसही पोळ्याचा एक दिवस मिळतो, आणि दुसरे दिवशीं मानेवर जूं येतें.

अधिकाऱ्यांस विचारावें तर पहिलें उत्तर पैशाचें येतें. हें उत्तर १९८० सालींच निकालांत निघालें आहे. मध्यप्रदेशांतील रतलाम येथील कांहीं रहिवाशांनीं उघड्या गटारांच्या घाणीविरुद्ध दंडाधिकाऱ्याकडे अर्ज केला. त्यानें नगरपालिकेस काम करण्याचा हुकूम दिला. नगरपालिकेनें तिजोरी रिकामी असल्याचें सांगत प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलें. न्या. कृष्ण अय्यर यांनीं ती सबब मानली नाहीं. जें कर्तव्य कायद्यानें आवश्यक ठरविलें त्यास दारिद्र्याची ढाल पुढें करितां येत नाहीं, असा निर्णय झाला. आमच्या वाचकांनीं त्यांतून ध्यानांत घ्यावयाचें तें हें कीं, त्या रहिवाशांनीं कोणाची मनधरणी केली नाहीं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचें १३३ वें कलम तेवढें हातीं घेतलें. तें कलम अद्याप जिवंत आहे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत तें १५२ वें होऊन बसलें आहे. सार्वजनिक जागेंतील बेकायदेशीर अडथळा दूर करण्याचा सशर्त हुकूम त्याखालीं जिल्हा दंडाधिकारी वा उपविभागीय दंडाधिकारी देऊं शकतो, आणि त्यासाठीं अर्जदारानें लक्षाधीश असण्याची जरूर नाहीं.

येथवर वाचून ज्यांस समाधान वाटलें असेल त्यांस आतां थोडें कडू सांगणें प्राप्त आहे. त्या बाईंच्या वाटेंतील पांच अडथळ्यांपैकीं खड्डा आणि पेटी हे दोनच परक्यांचे; उरलेले तीन आळीकरांचे. दुचाक्या शेजाऱ्यांच्या, फलक शेजाऱ्याच्या चिरंजीवांचा, आणि पायरी ज्यांची ते सभेंत अतिक्रमणाविरुद्ध सर्वांत मोठ्यानें बोलतात. दुसऱ्यांस नांवें ठेवितांना आम्ही आमचें झांकणार नाहीं. आमच्या कचेरीपुढेंही पक्षकारांच्या गाड्या पदपथावर लागत असत. एके दिवशीं पांढरी काठी घेतलेला एक अंध विद्यार्थी त्या गाड्यांत अडकला, आणि चांचपडत आमच्याच दारावर येऊन त्यानें 'रस्ता कोणत्या बाजूला आहे?' असें विचारिलें. त्या दिवसापासून तेथें गाडी लावूं देत नाहीं. परंतु तोंवर आठ वर्षें गेलीं होतीं, व त्या आठ वर्षांत आम्हीं वाहतुकीच्या बेशिस्तीवर निदान दोन अग्रलेख लिहिले होते.

पदपथ म्हटला कीं आमच्या वर्गांतील लोकांचें बोट लागलीच भाजीवालीकडे जातें. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानें तिच्या उपजीविकेस संरक्षण दिलें असून शहराच्या पथविक्रेता समितींत निदान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या प्रतिनिधींस राखल्या आहेत. तिला कोठें बसवावें हें त्या समितीनें ठरवावयाचें. तिची पाटी उचलून गाडींत टाकणें सोपें असतें, तीन टनांची मोटार उचलणें अवघड असतें. अतिक्रमणविरोधी मोहिमांचा मोर्चा बहुधा पाटीकडे कां वळतो याचें कारण आम्हांस एवढेंच दिसतें.

१८८२ सालीं लॉर्ड रिपन यांच्या ठरावानें स्थानिक स्वराज्याचें बीज पडलें, तेव्हां आपल्या गांवचीं गटारें आपण पाहावींत यांत आमच्या पूर्वजांस राष्ट्रकार्य दिसलें. फुले, टिळक, गोखले यांच्या तोलाचीं माणसें पुण्याच्या नगरपालिकेंत बसलीं. गोखले तिचे अध्यक्षही झाले. आणि स्वतंत्र भारतांत, मार्च २०२२ मध्यें लोकनियुक्त सभेची मुदत संपल्यावर, जवळजवळ चार वर्षें या शहराचा कारभार प्रशासकाच्या हातीं राहिला. पाणी दोन दिवस आलें नाहीं तर आम्ही हंडे घेऊन निघतों. मताचा हक्क चार वर्षें मिळाला नाहीं, त्याची ओरड कितीशी ऐकूं आली?

१५ जानेवारी २०२६ च्या मतदानानें नगरसेवक पुन्हां आले आहेत. परंतु प्रभागांत ते चार चार असल्यामुळें एकाकडे गेलें कीं तो दुसऱ्याचें नांव सांगतो, व चौथा परगांवीं असतो. यावर उपाय त्याच महानगरपालिका अधिनियमांत मागाहून घातलेल्या क्षेत्रसभेच्या तरतुदींत आहे. लहानशा क्षेत्रांतील मतदारांनीं एकत्र बसावें, नगरसेवकानें समोर असावें, कामांचा अग्रक्रम तेथें ठरावा, अशी ही योजना. अशी सभा आपल्या आळींत भरल्याचें किती वाचकांस स्मरतें? ती मागावी लागते, आणि आम्हीं ती मागितलेली नाहीं.

त्या बाईंच्या वाटेविषयीं आम्हीं प्रथम एका कचेरीकडे संगणकद्वारा तक्रार नोंदविली. अकराव्या दिवशीं 'निराकरण झालें' असा संदेश आला. आम्हीं जाऊन पाहिलें. खड्ड्यांतील फांदी जागच्या जागीं होती, फक्त वाळली होती. म्हणून आतां लेखी अर्ज तयार केला आहे. त्यांत ६३ व्या कलमाचा उल्लेख आहे, पांचही अडथळ्यांचें ठिकाण मोजून दिलें आहे, आणि क्षेत्रसभेची तारीख मागितली आहे. प्रती चारही नगरसेवकांस जातील. महिन्यांत कांहीं न झाल्यास उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे जाण्याचा मसुदाही तयार आहे. अर्जावर आजपर्यंत २३ सह्या झाल्या आहेत. पायरीचे मालक म्हणतात, आधीं दुचाक्या हलवा, मग सही करूं. दुचाकीवाले म्हणतात, आधीं पायरी तोडा. बाईंची सही पहिली आहे. अर्ज येत्या सोमवारीं दुपारीं बारा वाजतां दाखल होईल. ज्यांस सही करावयाची असेल त्यांनीं तत्पूर्वीं आमच्या कचेरींत यावें, आणि शक्य तर पायीं यावें.