वसुली

गेल्या दिवाळी अंकात याच पानावर मी माझ्या नव्या कवळीची कहाणी सांगितली होती. ती वाचून दोघा-तिघा वाचकांनी ‘आता वयाला शोभेल असे काहीतरी लिहा’ असा प्रेमळ सल्ला पत्राने दिला. त्यांची क्षमा मागून यंदा सांगतो, की मी घोड्यावर बसायला शिकलो.

घोडा दूरदर्शन संचाच्या पडद्यावरचा. नातू इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुटीत घरी येताना कपडे विसरेल, पण खेळाचे यंत्र विसरणार नाही. मे महिन्यात त्याने ते दिवाणखान्यात जोडले आणि ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ नावाचा खेळ लावला. हा खेळ २०१८ साली निघाला. गोष्ट आहे १८९९ सालच्या अमेरिकेतली. दरोडेखोरांचे दिवस भरत आले आहेत, रेल्वे आणि सरकार सगळीकडे पोचले आहे, आणि डच व्हॅन डर लिंड नावाचा एक गोडबोल्या पुढारी आपली टोळी घेऊन पळतो आहे. त्याचा उजवा हात आर्थर मॉर्गन. तो आर्थर म्हणजे आपण.

“आजोबा, यात काय वाटेल ते करता येतं,” नातू म्हणाला.

आणि खरेच करता येते. नदीकाठी मासे धरावेत, पत्ते कुटावेत, टोप्या विकत घ्याव्यात, हॉटेलात पैसे मोजून ऊन पाण्याने आंघोळ करावी. मी पहिले तीन दिवस घोडा झाडांवर आपटण्यात घालवले. मग कळले, की भेटेल त्याच्याशी गोड बोलले तर आपली अब्रू वाढते. तिची एक पट्टीच पडद्यावर दिसते. झाले! मी व्हॅलेंटाईन गावाच्या चिखलातून दिसेल त्याला रामराम करीत हिंडू लागलो. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, सोसायटीतल्या माणसांशी कधी असं बोलला नाहीत!”

पण गोष्ट पुढे न्यायची तर नेमून दिलेली कामे करावी लागतात. नातू त्यांना मिशन म्हणतो. असेच एक काम आले. टोळीत लिओपोल्ड स्ट्रॉस म्हणून एक ऑस्ट्रियन गृहस्थ आहे. चष्मेवाला, नीटनेटका, खतावणी बाळगणारा. तो अडल्यानडल्यांना भरमसाट व्याजाने पैसे देतो आणि वसुलीला आर्थरला धाडतो. त्याने कर्जदारांची नावे सांगितली आणि माझ्या हातातले ते बटणांचे खेळणे एकदम जड झाले.

वाचकहो, मी एकतीस वर्षे एका पतपेढीत नोकरी केली. त्यांतली अठरा वर्षे वसुली खात्यात.

यादीतला थॉमस डाउन्स हा लहानसा शेतकरी. त्याला मी आधी पाहिले होते. व्हॅलेंटाईनच्या दारूच्या गुत्त्यातून रस्त्यावर आलेल्या मारामारीत आर्थर एका माणसाला चिखलात बुडवून झोडपत असताना एक हडकुळा मनुष्य मध्ये पडून ‘पुरे करा’ म्हणून विनवतो. तोच हा. त्याच्या शेतावर गेलो, तर तो कुदळीवर वाकून खोकत होता. आर्थर त्याला कुंपणाशी धरतो आणि पडद्यावर बटणाचे चिन्ह येते. ते दाबले की ठोसा.

मी दाबले नाही.

“दाबा ना, आजोबा.”

“दुसरा काही मार्ग?”

“नाही. हे केल्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही.”

इतके अफाट मोकळे जग, पण त्या कुंपणापाशी ‘मला हे करायचे नाही’ असे म्हणायला एकही बटण नाही. मी दाबले. डाउन्स खोकला, रक्ताचे शिंतोडे आर्थरच्या तोंडावर उडाले. बायको नि मुलगा धावत आले. मिशन पूर्ण झाले. नातवाने “मस्त!” म्हणून माझी पाठ थोपटली.

मी चहाचे निमित्त करून उठलो.

१९८४ साली शेजारच्या पेठेतल्या एका शिंप्याचे चौदा हप्ते थकले होते. जामीनदार गाव सोडून गेलेला. कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत हे मला पाठ होते. पण ते शिवणयंत्र आमच्याच कर्जातून घेतलेले आणि आम्हालाच तारण. म्हणजे कायद्याने मी बिनचूक होतो. दोन हमाल आणि एक हातगाडी घेऊन गेलो. शिंपी बाजेवर खोकत पडलेला. मी नाकाला रुमाल लावला. त्याच्या बायकोने यंत्रावर घातलेले अर्धे शिवलेले पोलके दाताने दोरा तोडून काढून घेतले, घडी केली आणि बाजूला झाली. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मी नियम सांगितला असता. तयारच होता.

पुढे सौ. कित्येक वर्षे त्या बोळातून मंडईला गेली नाही. लांबच्या रस्त्याने जाई. कारण मी विचारले नाही, तिने सांगितले नाही.

खेळात डाउन्स मरतो. देणे मात्र मरत नाही. आर्थर पुन्हा त्या घरी जातो तेव्हा ईडिथ, त्याची विधवा, बांधाबांध करीत असते आणि पैसे त्याच्या हातावर ठेवते. त्या वेळी मला नातवाने काही सांगावे लागले नाही. बटण दाबायला मी सरावलो होतो.

त्यानंतर बरेच दिवस आर्थर नुसता खोकतो. मला वाटले, घोड्यावरून भिजला असेल. सेंट डेनी शहरात तो रस्त्यात कोसळतो तेव्हा डॉक्टर सांगतो: क्षय. आमच्या लहानपणी घरात या रोगाचे नाव मोठ्याने घेत नसत. रॉबर्ट कॉख यांनी त्याचा जंतू १८८२ सालीच शोधला होता. पण त्यावरचे पहिले खरे औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हाती लागायला १९४३ साल उजाडावे लागले. १८९९ साली डॉक्टरजवळ द्यायला काय असणार? कोरड्या हवेत जा, विश्रांती घ्या, एवढेच.

रॉजर क्लार्क या नटाने आर्थरला आवाज दिला आहे. तो पुढे पुढे असा बसत जातो, की सौ. आतून “त्याला आल्याचा रस द्या हो” म्हणाली.

मग आर्थर बदलतो. स्ट्रॉसला छावणीतून हाकलून देतो, तेव्हा मी या वयात टाळी वाजवली. डाउन्सचा मुलगा आर्ची ॲन्सबर्गच्या कोळशाच्या खाणीत राबताना भेटतो. ईडिथची तर त्याहून वाईट गत झालेली. आर्थर तिला पैसे देऊ करतो. ती आधी त्याचे तोंडही पाहायला तयार नसते. मला तिचेच पटले. अब्रूची पट्टी भराभर पांढरी होत होती; ईडिथला ती पट्टी दिसत नाही.

हे सगळे नातवाला सांगावे असे मनात नव्हते. पण तो हुशार आहे. दुसऱ्या दिवशी जेवताना त्याने सरळ विचारले, “आजोबा, कुंपणापाशी तुम्ही थांबलात का?” मी शिंप्याची गोष्ट सांगितली. सौ. वाढता वाढता थांबली.

“आणि त्या मशीनचं पुढे काय झालं?”

“लिलावात गेलं. तीनशे ऐंशी रुपयांना.”

“कोणी घेतलं?”

मी उत्तर देण्याआधी सौ.ने त्याच्या पानात आमटी वाढली आणि म्हणाली, “खोलीत खिडकीशी आहे ते. तुझ्या बाबाच्या मुंजीचे कपडे त्यावरच शिवले.”