‘स्वच्छ’ विजेचा हिशेब मांडा

धरणाच्या विजेत धूर नाही, म्हणजे प्रदूषणही नाही, असा सर्वसाधारण समज आहे. ब्राझीलमधील बाल्बिना धरण तो खोटा ठरवते. ॲमेझॉनच्या सपाट खोऱ्यातील या धरणात अवघ्या २५० मेगावॅट विजेसाठी दोन हजार चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र बुडाले. पाण्याखाली कुजणाऱ्या झाडांतून मिथेन बाहेर पडतो आणि तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी अधिक उष्णता अडवतो. सगळीच धरणे अशी नसतात. कोयनेचे पाणी सह्याद्रीवरून खाली कोकणाकडे उतरते. या उंचीमुळेच तेथील क्षमता १९६० मेगावॅटपर्यंत गेली.

कोळशाच्या केंद्रातील कार्बन पकडण्याच्या उपायालाही हीच कसोटी लावावी. कॅनडातील ‘बाउंड्री डॅम’ या औष्णिक केंद्रात २०१४पासून अशी यंत्रणा आहे. मात्र वायू वेगळा करून दाबण्यात केंद्राचीच बरीच वीज खर्ची पडते. कोळसा खाणीतून सुटणारा मिथेन तर तिच्या हाती लागतच नाही.

म्हणून ‘हरित’ शिक्का आणि सवलती देण्याआधी, एका युनिटमागे एकूण किती वायू हवेत गेला, हे मोजून जाहीर करणे प्रत्येक प्रकल्पावर बंधनकारक असावे.