मीटर कोणाच्या बाजूने साक्ष देणार?

१२ ऑगस्ट २०२०, जन्माष्टमीचा दिवस. लखनऊसह उत्तर प्रदेशातील अनेक शहरांत सुमारे दीड लाख ग्राहकांची वीज एकाएकी गेली. वादळ नव्हते, तार तुटली नव्हती, रोहित्रही जळाले नव्हते. स्मार्ट मीटरना वीज तोडण्याची चुकीची आज्ञा गेली आणि त्यांनी ती निमूटपणे पाळली. राज्य सरकारने नवे मीटर बसवणे थांबवून चौकशी लावली. त्यानंतर वर्ष उलटण्यापूर्वीच, जून २०२१ मध्ये, केंद्राने तीन लाख कोटी रुपयांहून मोठ्या ‘सुधारित वितरण क्षेत्र योजने’ला मंजुरी दिली. तिच्या केंद्रस्थानी होते २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर.

या योजनेमागील कारण खोटे नाही. भारतातील वीजवितरणाची गळती हे जुने दुखणे आहे. तारांत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज, आकडा टाकून होणारी चोरी आणि वसूल न झालेली बिले या तिन्ही गोष्टी त्यात येतात. त्यातले कोणते किती, हे कळायचे तर उपकेंद्रातून निघालेली वीज, रोहित्रापर्यंत पोहोचलेली वीज आणि घरात वापरलेली वीज एकाच वेळी मोजावी लागते. महिन्यातून एकदा मीटरचा आकडा टिपून हा हिशेब लागत नाही. दुपारी सौरऊर्जा मुबलक आणि दिवेलागणीला टंचाई, या नव्या परिस्थितीत तर वेळेनुसार मोजणी अटळच आहे. गळती १२ ते १५ टक्क्यांवर आणण्याचे योजनेचे उद्दिष्ट म्हणूनच रास्त होते.

बिघडले ते क्रमात. वाहिनी आणि रोहित्र यांचा हिशेब जनतेपुढे मांडण्याआधीच ग्राहकाच्या दारात यंत्र आले, आणि तेही आगाऊ पैसे मागणारे. महाराष्ट्रात महावितरणने २०२३ मध्ये दिलेल्या कंत्राटांत एका मीटरमागचा खर्च, देखभालीसह, सुमारे १२ हजार रुपये पडला. केंद्राचे अनुदान मात्र साधारणपणे मीटरमागे जास्तीत जास्त ९०० रुपये. उरलेली रक्कम गळती कमी होऊन भरून निघेल, असे गृहीत धरलेले आहे. तशी ती निघाली नाही, तर भार शेवटी वीजदरावरच येणार, हा ग्राहक संघटनांचा आक्षेप अवाजवी म्हणता येत नाही. विरोध वाढला. लोकसभा निकालानंतर, जून २०२४ मध्ये, तत्कालीन ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसवले जाणार नाहीत, असे जाहीर केले. पुढे मीटर आलेच; फक्त ‘प्रीपेड’ हा शब्द गळाला आणि ‘टीओडी’ हे नाव लागले. ज्या सुधारणेला नाव बदलून घरात शिरावे लागते, तिच्यावर लोकांनी विश्वास तरी कशाच्या बळावर ठेवावा?

२०२५ पासून अशा मीटरच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत देण्यात आली. पाऊल योग्य दिशेचे आहे. पण नवरा-बायको दोघेही सकाळी आठला लोकल पकडणाऱ्या घरात या वेळेत चालतो तो फ्रिज. दोन दिवे आणि एक पंखा एवढाच संसार असलेल्या घराला तर महिन्याकाठी फारसे काही हाती लागायचे नाही.

याहून महत्त्वाची बाब चर्चेत क्वचितच येते. हा मीटर वापरलेली वीज जशी नोंदवतो, तशीच न आलेली वीजही नोंदवतो. पुरवठा किती वाजता गेला, किती वाजता परतला, दाब किती उतरला, हे सारे त्याला ठाऊक असते. केंद्राच्या २०२० च्या वीजग्राहक हक्क नियमांनुसार, सेवेतील ज्या कसुरीवर दूरस्थ यंत्रणेने लक्ष ठेवता येते, तिची भरपाई ग्राहकाला अर्जाविना, आपोआप मिळायला हवी. मीटर बसताच ही अट तांत्रिकदृष्ट्या पूर्ण होते. थकबाकीदाराची वीज दुरून तोडू शकणाऱ्या यंत्रणेला, रात्रभर अंधारात बसलेल्या वस्तीची भरपाई पुढच्या बिलात वळती करणे अशक्य नाही. नियामक आयोगाने प्रत्येक बिलावर खंडित तासांचा आणि देय भरपाईचा रकाना सक्तीचा करावा. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही.

दर अर्ध्या तासाचा वापर मोबाइलवर दिसेल, असे कंपनी सांगते. ठाण्यातील कुलूपबंद घराचा वापर लंडनमध्ये बसून पाहता येत असेल, तर त्याच पडद्यावर गावाकडे एकट्या राहणाऱ्या आईच्या घरी काल रात्री किती तास वीज नव्हती, हेही दिसायला हवे.