जबानी कोणाची, शब्द कोणाचे?

सन १९०८ च्या जुलैत मुंबई हायकोर्टात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. त्याचा शब्दशः वृत्तान्त नरसिंह चिंतामण केळकर यांनी त्याच वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. म्हणूनच आरोपी काय बोलला आणि न्यायमूर्ती दावर ज्यूरीस काय बोलले, हे आजही कोणासही पडताळून पाहता येते. हा लाभ साध्या खटल्यातील साध्या साक्षीदारास अद्याप मिळू नये काय?

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी, महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाच्या सुनावणीत, सर्वोच्च न्यायालयाने वकिलांचे युक्तिवाद यंत्राकडून तत्क्षणी उतरवून घेण्यास प्रारंभ केला. उत्तम झाले. परंतु मनुष्य तुरुंगात जातो तो साक्षीवरून. आणि सत्र न्यायालयात साक्ष सामान्यतः कथनरूपानेच नोंदावयाची. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील हा नियम १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही कायम ठेवला आहे. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश आशय सांगतात, लघुलेखक तो उतरवितो. प्रश्न मधल्यामध्ये गळून पडतो. उलटतपासणीत साक्षीदार नुसते 'नाही' म्हणतो. कागदावर येते, 'मी आरोपीस पाहिले नाही हे म्हणणे खरे नाही.' वाक्य वकिलाचे, जबानी साक्षीदाराची! 'अंधार होता, पण तोच असावा' याचे 'मी आरोपीस ओळखले' असे व्हावयास कोणाचा दुष्टपणा लागत नाही, घाई पुरते. अपिलाच्या न्यायासनापुढे तर साक्षीदार नसतोच, कागद असतो.

जबानी वाचून दाखवितात ना, असे कोणी म्हणेल. दिवसभर ताटकळलेला साक्षीदार कितीसे दुरुस्त करणार? आमचे व्यापारी बंधू रोजकिर्दीत 'आज बरीच विक्री झाली' एवढ्यावर मुनिमास सोडतील काय?

प्रश्नोत्तररूपाने लिहिण्याचा अधिकार न्यायाधीशांस आहे. मॅजिस्ट्रेटपुढील वॉरंट खटल्यांत ध्वनिचित्रमुद्रणाचीही मुभा आहे. पण मुभा ही गर्दीच्या दिवशी प्रथम विसरली जाते. वेळ अधिक लागेल हे खरे, आणि तुंबलेल्या कामाची सबब पोकळ नाही. म्हणून आमची मागणी मोजकी आहे: जन्मठेप वा फाशी होऊ शकेल अशा खटल्यांत तरी उलटतपासणी प्रश्नोत्तररूपानेच लिहावी, आणि तिचे ध्वनिमुद्रण अपील संपेपर्यंत जतन करावे. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी बोलणारा साक्षीदार यंत्रास नीट कळेल असा भरवसा आम्हांस नाही. त्यासाठी ती बोली कानाखालून गेलेला लघुलेखकच हवा, आणि त्याच्या रिकाम्या जागा भरणे सरकारच्या हाती आहे.