काचबिंदू : निदान रुग्णालयात, उपचार घरात

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली की पट्टी निघते आणि रुग्णाला दिसू लागते. काचबिंदूच्या रुग्णाला असा दिलासा मिळत नाही. बहुधा डोळ्यातील वाढलेल्या दाबामुळे दृष्टीची नस हळूहळू निकामी होते. गेलेली दृष्टी परत येत नाही. औषधाने उरलेली टिकवता येते. थेंब घातले तरी फरक जाणवत नाही आणि चुकवले तरी सहसा दुखत नाही. उपचार मध्येच सुटण्याचे हे प्रमुख कारण आहे.

अंबाजोगाई तालुक्यातील घाटनांदूरसारख्या गावांत हा प्रश्न अधिक बिकट होतो. तालुक्याच्या ठिकाणी स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. मात्र तेथे निदान झाले तरी थेंब रोज घरीच घालायचे असतात. बीड जिल्ह्यातील असंख्य मजूर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. फडावरच्या कोपीत संपलेली बाटली पुन्हा मिळवणे अवघड असते. गावी मागे राहिलेल्या वृद्धांच्या डोळ्यात थेंब घालायलाही कोणी नसते.

थेंब घालण्याचे तंत्र सोपे असले तरी ते शिकवावे लागते. हात धुऊन, मान मागे करून, खालची पापणी ओढावी आणि त्या खळग्यात एकच थेंब सोडावा. डोळ्यात एका थेंबापुरतीच जागा असते. दुसरा गालावर ओघळतो आणि बाटली महिनाअखेरीपूर्वीच संपते. बाटलीचे टोक डोळ्याला लागू देऊ नये. त्यानंतर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे हलकेच दाबावा. त्यामुळे औषध नाकावाटे रक्तात कमी उतरते. टिमोलॉलसारख्या औषधाबाबत हे विशेष महत्त्वाचे, कारण दम्याच्या रुग्णांना ते धोकादायक ठरू शकते. दोन औषधे असल्यास त्यांत किमान पाच मिनिटांचे अंतर हवे.

साठवणुकीचा प्रश्नही दुर्लक्षिण्याजोगा नाही. लॅटानोप्रोस्टच्या अनेक बाटल्या उघडण्यापूर्वी २ ते ८ अंश तापमानात ठेवाव्या लागतात. उघडल्यावर २५ अंशांपर्यंत त्या सुमारे सहा आठवडे चालतात. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. घरी फ्रीज नसेल, तर डॉक्टरांना ते आधीच सांगणे हिताचे.

काही रुग्णांसाठी लेझर हा पर्याय आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासात, प्रथम लेझर उपचार घेतलेल्या सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज पडली नव्हती. सहा महिने गावाबाहेर राहणाऱ्या मजुरांच्या दृष्टीने हा निष्कर्ष विचारात घेण्याजोगा आहे.

१९७६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचा भर दीर्घकाळ मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांवर राहिला. शस्त्रक्रियांची संख्या मोजता येते; घरोघरी चुकलेल्या थेंबांची नोंद मात्र कोठेच होत नाही. चिठ्ठी देताना रुग्णाला एकदा स्वतःच्या हाताने थेंब घालायला लावणे, आशा कार्यकर्तीने अधूनमधून ते पाहणे आणि ऊसतोडीला निघण्यापूर्वी पुरेसे औषध सोबत देणे, या उपायांना नव्या यंत्रसामग्रीची गरज नाही. चिठ्ठीवर लिहिलेले औषध प्रत्यक्ष डोळ्यात पोहोचते की नाही, हे पाहणे हाही उपचाराचाच भाग मानला पाहिजे.